मताधिकारास वयाची वरची मर्यादा असावी काय?

आमच्या शाळेच्या वक्तृत्वमंडळाच्या सभा शनिवारी भरतात, व त्यांचे अध्यक्षपण पाळीपाळीने शिक्षकांकडे येते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पालकांस मात्र ह्या वर्षीच्या एका सभेची हकीकत सांगणे आम्हांस अवश्य वाटते. कारण तीत जो ठराव मंजूर झाला त्याचा संबंध त्यांच्याशी, व त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांशी आहे. ठराव असा होता : ‘वयाची ७५ वर्षे पुरी झाल्यावर नागरिकाचा मताधिकार संपुष्टात यावा.’ नववी व दहावीच्या वर्गांतील वक्ते दोन्ही बाजूंनी बोलले. शेवटी हात वर करून मते घेण्यात आली, आणि ज्यांस स्वतःस अद्याप मत देण्याचा अधिकार मिळालेला नाही अशा मुलामुलींनी आपल्या आजाआजींचा अधिकार मोठ्या बहुमताने काढून घेतला! अध्यक्षाने वादात पडू नये असा मंडळाचा नियम असल्यामुळे त्या दिवशी घंटा वाजविण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. परंतु वार्षिक अंकासाठी लेख मागण्यास संपादक आले तेव्हा त्या दिवशी मनात राहून गेलेले येथे लिहून काढावे असे आम्ही ठरविले.

मुलांचे म्हणणे पोरकट होते असे कोणी समजू नये. ठरावाच्या बाजूने बोललेल्या एका विद्यार्थिनीचे भाषण तर अध्यक्षाच्या खुर्चीत बसूनही आम्हांस हलवून गेले. ती म्हणाली की, निवडून आलेले सरकार पाच वर्षे राहते, पण त्याने केलेले काम पन्नास वर्षे राहते. किनाऱ्यावर काय बांधावे, डोंगर किती फोडावा, कर्ज किती काढावे, हे आज ठरते; आणि त्याचे फळ भोगण्यास आम्ही असणार, ठरविणारे नसणार. ज्यास बिल भरावयाचे नाही त्याने जेवणाची यादी का करावी? दुसऱ्या एका वक्त्याने इंग्लंडचे उदाहरण आणले. २०१६ सालच्या जून महिन्यात त्या देशाने युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही ह्यावर लोकमत घेण्यात आले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. मागाहून झालेल्या पाहण्यांत असे दिसले की वृद्धांचा कौल बहुतांशी बाहेर पडण्याकडे व तरुणांचा बहुतांशी आत राहण्याकडे होता. म्हणजे ज्यांस त्या निर्णयाखाली सर्वांत अधिक वर्षे काढावयाची होती त्यांचेच म्हणणे मागे पडले. तिसऱ्याने आम्हांकडे बोट दाखवून विचारले की, सरांस ५८ व्या वर्षी शिकविणे थांबवावे लागणार, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास ६२ व्या व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास ६५ व्या वर्षी न्यायासन सोडावे लागते. मग एकट्या मतदारानेच कधी निवृत्त होऊ नये की काय?

ह्या प्रश्नास सभागृहात टाळ्या पडल्या. त्याचे उत्तर प्रथम देतो, कारण ते देणे सोपे आहे. पहिल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे तसे नाही.

आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून आमच्याच घरातील उदाहरण घेतो. मतदारास वयाची वरची मर्यादा घालणारी एक निवडणूक जगात खरोखरच आहे, व ती म्हणजे रोमच्या पोपची. पोपची निवड कार्डिनल मंडळी करतात. १९७० सालच्या नोव्हेंबर महिन्यात सहावे पोप पौल ह्यांनी असा नियम केला की, वयाची ८० वर्षे पुरी केलेल्या कार्डिनलांस ह्या निवडणुकीत मत असू नये. आणि १ जानेवारी १९७१ पासून तो अमलात आला. नियम करणारे स्वतः त्या वेळी ७३ वर्षांचे होते. ह्या नियमाचा प्रत्यय आपल्या महाराष्ट्रासही आला आहे. मुंबईचे आर्चबिशप म्हणून दीर्घकाळ काम केलेले कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ह्यांस २४ डिसेंबर २०२४ रोजी ८० वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते तोच, २१ एप्रिल २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस निवर्तले. मे महिन्यात १३३ कार्डिनलांनी चौदावे लिओ ह्यांची निवड केली; शेजारच्या गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव ह्यांनी तीत मत दिले, मुंबईच्या कार्डिनलांस मात्र देता आले नाही. चार महिन्यांच्या अंतराने एखाद्या पुरुषाची बुद्धी मंदावते असे कोणी म्हणणार नाही. पण नियम म्हटला की रेषा कोठे तरी ओढावीच लागते.

आता आमचे विद्यार्थी म्हणतील की, धर्मसभेस जे शहाणपण सुचले ते भारताच्या संसदेस का सुचू नये? ह्याचे कारण असे की कार्डिनलाचे मत हे त्याच्या पदाचा भाग आहे. तो पोपच्या नेमणुकीने कार्डिनल होतो. जगातील कोट्यवधी भाविकांपैकी थोड्यांवर हे काम सोपविलेले असते, व जुन्यांनी जागा मोकळी केल्यावाचून नव्या देशांतील, नव्या पिढीतील माणसांस तेथे बसता येत नाही. ते काम आहे, आणि कामास निवृत्ती असते. आमच्या मुलांनी पवित्र शास्त्राच्या तासास गणनेचे पुस्तक वाचले असेल, तर लेव्यांविषयीचा नियम त्यांस आठवेल. निवासमंडपातील सेवेपासून लेव्याने ५० व्या वर्षी निवृत्त व्हावे, असे तेथे सांगितले आहे. परंतु आपल्या बांधवांस साहाय्य करण्यास त्यास मोकळीक ठेवली आहे. ओझे खांद्यावरून उतरविले, मंडळीतून मनुष्यास उठविले नाही. कार्डिनलांचेही तसेच. ऐंशी ओलांडलेल्यांनी निवडणुकीपूर्वीच्या सभांत बसावे, बोलावे, ह्यास प्रत्यवाय नाही. इतकेच नव्हे तर त्यांच्यापैकी एखाद्यास पोप म्हणून निवडण्यासही नियमाची आडकाठी नाही.

शिक्षक, न्यायाधीश, कार्डिनल, लेवी ही सर्व पदे होत. नागरिकत्व हे पद नव्हे. त्यावर आम्हांस कोणी नेमलेले नाही, त्याचा पगार नाही, आणि आम्ही म्हातारे होऊन ते अडवून धरले म्हणून एखाद्या तरुणास ते मिळावयाचे राहिले असेही कधी होत नाही. तरुणाचे मत तरुणापाशी आहे, म्हाताऱ्याचे म्हाताऱ्यापाशी. ५८ व्या वर्षी आमची खुर्ची जाईल ती दुसऱ्या कोणास मिळावी म्हणून. आजोबांचे मत गेले तर ते कोणास मिळणार? कोणासच नाही.

शिवाय निवृत्त झालेल्या मनुष्यावरचे कायद्याचे राज्य काही निवृत्त होत नाही. घरपट्टी त्यास भरावी लागते, रेशनच्या धान्याची त्यास वाट पाहावी लागते, आरोग्यकेंद्रात डॉक्टर नसला तर त्याचेच हाल प्रथम होतात. ब्राझील देशातील व्यवस्था आम्हांस ह्या बाबतीत विचार करण्याजोगी वाटते. तेथे मत देणे हे सक्तीचे कर्तव्य आहे. पण ७० वर्षांवरील नागरिकास त्या सक्तीतून सूट आहे. त्याने मत द्यावे वा न द्यावे, त्याची खुशी. बोजा काढून घेतला, हक्क ठेवला. लेव्यांच्या नियमाशी ह्याचे साम्य पाहून आम्हांस मौज वाटली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आमच्या विद्यार्थ्यांनी ठराव मंजूर करताना तो हिंदुस्थानासाठी केला की इंग्लंडासाठी हे आम्हांस कळले नाही. सिंधुदुर्गासाठी तो केलेला नव्हता हे मात्र खास. २००१ सालच्या जनगणनेत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. सगळ्या देशाची लोकसंख्या वाढत असता आपली एकोणीस हजारांनी घटली! दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६ आढळल्या. ह्या आकड्यांचा अर्थ कोकणातील मुलास समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचा बाप, काका किंवा थोरला भाऊ मुंबईस नाही असे घर आपल्या वाडीत किती सापडतात ते मोजून पाहावे. चाकरमानी चतुर्थीस येतो, शिमग्यास येतो, मे महिन्यात मुलाबाळांस घेऊन आंबे खाण्यास येतो. मधल्या दिवसांत घराची कौले कोण शाकारते, माडांस पाणी कोण लावते, देवळातील समई किंवा क्रुसापुढील मेणबत्ती कोण पेटविते? ज्यांचे मत काढून घेण्याचा ठराव आपण केला, तीच ती माणसे. एखाद्या आडवळणाच्या वाडीत पंचाहत्तरीच्या वरच्या माणसांची नावे मतदारयादीतून काढली, तर मतदानाच्या दिवशी पेटीस कुलूप लावण्यास अधिकारी तेवढे उरतील. मग तेथील साकवाची, बसची आणि विजेची दाद कोणी मागावी? जो मुंबईत राहतो व ज्याचे नाव मुंबईच्या यादीत आहे, त्याने? की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपुरत्या गाड्या भरून ज्यांस आणले जाते त्यांनी?

पण त्या विद्यार्थिनीचा प्रश्न ह्याने सुटत नाही, हे आम्ही जाणतो. ती म्हणेल, गावात राहणारे वृद्ध आजचा दिवस पाहतात. उद्याचा कोण पाहणार?

ह्यावर आमचे म्हणणे असे की, उद्याची काळजी ही वयाच्या प्रमाणात वाटलेली नसते. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांस आम्ही समुद्राचेच उदाहरण देतो. रापण ओढली जाते तेव्हा दोरास लहानथोर सारेच हात लावतात. त्या जाळ्याने किनाऱ्याजवळचे मासे मिळतात, व समुद्राने जितके दिले तितके घेऊन माणसे घरी जातात. पुढे यांत्रिक नौका आल्या, ट्रॉलर आले, त्यानंतर पर्ससीन जाळी आली. पारंपरिक मच्छीमारांचे त्यांच्याशी खटके उडू लागले. १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला, आणि २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर राज्य सरकारने निर्बंध घातले. त्या भांडणातील न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या तीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर नौकेचे कर्ज आहे त्यास मासळी आजच हवी असते. त्यात त्याचा दोष नाही, हप्ता थांबत नाही. आणि यांत्रिक नौकांच्या पूर्वीचा समुद्र ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे, कोणत्या महिन्यात कोठे काय मिळत असे व आता का मिळत नाही हे ज्यास तोंडपाठ आहे, तो मनुष्य ऐंशीच्या घरातील असतो. उद्याचे बोलण्यास ह्या दोघांपैकी अधिक मोकळा कोण? निदान दोघेही यादीत असावेत, असे आम्हांस वाटते.

वृद्ध म्हणजे जुन्यास चिकटून बसणारा, हेही सर्वस्वी खरे नाही. तेविसावे पोप जॉन ७६ व्या वर्षी निवडून आले, तेव्हा थोडे दिवस जागा सांभाळील असा एक सौम्य म्हातारा म्हणून पुष्कळांनी त्यांच्याकडे पाहिले होते. त्यांनी तीन महिन्यांच्या आत साऱ्या जगाच्या बिशपांची महासभा भरविण्याचे जाहीर केले, व रोमच्या धर्मसभेची शेकडो वर्षांची बंद दारे उघडली. उलट, शलमोनाचा पुत्र रहबाम ह्याने वडील मंत्र्यांचा सल्ला टाकून आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले, आणि बारा वंशांपैकी दहा वंश एका दिवसात गमावले. तरुण नेहमी चुकतात असे म्हणण्यासाठी ही कथा आम्ही सांगत नाही; त्या मंत्र्यांपैकी कोणी तरुण असता शहाणा निघाला असता, तर तोही शास्त्रात नोंदला गेला असता. रहबामाची चूक ही की, अर्ध्या राजसभेचे त्याने ऐकलेच नाही.

ह्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती आम्हांस अधिक खटकते. मत हे आपापल्या पुढील वर्षांच्या नफ्यातोट्यासाठी द्यावयाचे असते, म्हणून ज्याची वर्षे सरली त्याचे मत फुकट, अशी ती समजूत होय. हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात कल्पा नावाचे गाव आहे. तेथील श्यामशरण नेगी हे आमच्याच धंद्यातील, म्हणजे शाळामास्तर. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक हिवाळ्यातील बर्फामुळे त्या डोंगरी भागात लवकर उरकण्यात आली, आणि १९५१ च्या ऑक्टोबर महिन्यात नेगी मास्तरांनी अगदी पहिल्या मतदारांत आपले मत दिले. त्यानंतर त्यांनी मतदान सोडले नाही. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०६ व्या वर्षात, त्यांनी राज्याच्या विधानसभेसाठी घरीच टपाली मत दिले. आणि ५ नोव्हेंबरला ते वारले. त्या राज्यातील इतरांचे मतदान १२ तारखेस झाले. म्हणजे ज्या सरकारसाठी त्यांनी मत दिले ते सरकार तर राहोच, मतदानाचा दिवससुद्धा त्यांनी पाहिला नाही. आमच्या ठरावाच्या न्यायाने पाहता ह्या मनुष्यास ह्या जगात तीन दिवस उरले होते. त्यास उद्याशी काय कर्तव्य? त्याने मत कोणाच्या नफ्यासाठी दिले? आमचे विद्यार्थी ह्याचे उत्तर घरी जाऊन स्वतःच शोधोत.

आता वृद्धांच्या बुद्धीविषयी. आजारी, विसराळू, नातवंडांची नावे चुकणारी अशी माणसे मत कसे देणार, असे एका वक्त्याने विचारले होते. अशी माणसे असतात. आमच्याही घरात होती. परंतु भारताच्या राज्यघटनेने, व त्याखालील १९५० च्या कायद्याने, ज्यास न्यायालयाने विकल मनाचा म्हणून ठरविले असेल त्यासच ह्या कारणावरून यादीतून वगळता येते; त्याच्या वयावरून नव्हे. वयावरून बुद्धी मापू लागलो तर तेवढ्यावर थांबता येणार नाही. मग अक्षरशत्रूचे काय, दारुड्याचे काय, ज्याने आयुष्यात वर्तमानपत्र उघडलेले नाही अशा पदवीधराचे काय? आणि हा मार्ग आपण एकदा चाललो आहोत. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकांत मताचा अधिकार ज्यास होता त्यास तो शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण ह्यांच्या जोरावर होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे तीन कोटी लोकांसच तो मिळाला. कुळाने राबावे व खोताने मत द्यावे! १९५० साली राज्यघटनेने ह्या चाळण्या फेकून दिल्या आणि एकवीस वर्षांवरील सर्वांस मताधिकार दिला. पहिल्या निवडणुकीच्या यादीत सतरा कोटींवर नावे आली. तेव्हा सुद्धा काही प्रांतांतून, मुख्यतः उत्तरेकडे, स्त्रिया आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असेच लिहा म्हणत. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, व सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. स्वतःच्या नावाने उभे राहण्यास ज्या पिढीतील बायांस इतका वेळ लागला, त्यांच्या धाकट्या बहिणी आज आपल्या घरांत ऐंशी-नव्वदीच्या आहेत.

त्यांच्याच संबंधाने एक लहानशी गोष्ट सांगतो. शिक्षकांस निवडणुकीच्या कामावर जावे लागते हे सर्वश्रुत आहे. मागे एका निवडणुकीत, आपल्या तालुक्याबाहेरील एका खेड्यात, आम्ही केंद्राध्यक्ष होतो. भर दुपारी एक तरुण आपल्या आजीस घेऊन आला. डोळ्यांनी अथवा शरीराने अपंग असलेल्या मतदारास, जर त्याला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर सोबती नेता येतो, असा नियम आहे; सोबती अठरा वर्षांचा असावा, त्याने एका दिवसात एकाच मतदाराबरोबर जावे, व ते मत गुप्त ठेवण्याचे लिहून द्यावे. नातू नियम पढूनच आला होता. “आजीक दिसणा नाय, बटान मी दाबतंय,” असे म्हणून तो पुढे सरसावला. नियमाप्रमाणे आम्ही खात्री करून घेण्यासाठी म्हातारीस विचारले. तिने पदर सारखा केला, काठी नातवाच्या हाती दिली, आणि म्हणाली, “चिन्न माका दिसता. बटान मीच दाबतलंय. तू भायर रव.” पडद्याआड तिला बराच वेळ लागला. रांगेतील मंडळी कुरकुरू लागली. शेवटी यंत्राचा लांब सूर वाजला आणि ती बाहेर आली. नातवाने विचारले असावे, पण तिने काही सांगितल्याचे दिसले नाही.

ही गोष्ट पालकांसाठी आहे. वृद्धांच्या मताविषयी खरा दोष शोधावयाचा तर तो त्यांच्या वयात सापडत नाही, घराघरांत सापडतो. आजीचे मत म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाचे दुसरे मत, असे धरून चालणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांत शिकलेली आहेत, प्रार्थनेस नियमाने जाणारी आहेत. आपल्या गावऱ्हाटीत वडीलधाऱ्यांस मान आहे असे आपण अभिमानाने सांगतो. पण तो मान घराण्याचा असतो, मानकऱ्याचा असतो. कोपऱ्यात बसून तांदूळ निवडणाऱ्या विधवेस तेथे कोणी विचारीत नाही. मतदानकेंद्रात मात्र तिचे एक आणि मानकऱ्याचे एक. तिच्या साऱ्या आयुष्यात इतक्या समान मापाने मोजलेली दुसरी वस्तू तिला मिळालेली नाही. ती तिच्या हातून कायद्याने काढून घेणे आणि नातवाने काढून घेणे ह्यांत आम्हांस तरी फरक दिसत नाही.

सुदैवाने सरकारी धोरण उलट दिशेने चालले आहे. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाने जाहीर केले की, यादीत ८५ वर्षांवरील सुमारे ८२ लाख मतदार असून शंभरी गाठलेले २ लाख १८ हजार आहेत. ८५ वर्षांवरील व बऱ्याच प्रमाणात अपंग असलेल्या मतदारांस अगोदर अर्ज केल्यास घरी बसून मत देण्याची सोय त्या वेळी करण्यात आली. अधिकाऱ्यांचे पथक त्यांच्या दारी गेले. आधी ही सोय ८० वर्षांपासून होती, ती ८५ वर नेली, हे आम्हांस फारसे रुचले नाही. आपल्याकडील घाट्या, पायवाटा व साकव पाहता ऐंशीच बरे होते. ८५ वर्षांच्या त्या मतदारांचा जन्म १९३९ च्या सुमाराचा. त्यांनी पहिले लोकसभेचे मत १९६२ साली दिले असेल. आपल्या ह्या भागात, म्हणजे तेव्हाच्या राजापूर मतदारसंघात, ते वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पैंस दिले असेल, किंवा त्यांच्याविरुद्ध दिले असेल. पुढे मधु दंडवत्यांची भाषणे त्यांनी ऐकली, १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा पाहिला. नाथ पैंविषयी दोन ओळी लिहा म्हटले तर आमच्या दहावीच्या वर्गातील निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागतात, हे येथे नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

तरुणांचे म्हणणे मागे पडते हे दुःख खरे आहे. पण ते कशाने पडते? २०२४ साली १८ व १९ वर्षांचे मतदार यादीत सुमारे १ कोटी ८० लाख होते. त्या वयाची मुले देशात ह्याहून पुष्कळ अधिक आहेत; बाकीच्यांनी नावच नोंदविले नाही. १९८९ साली घटनादुरुस्तीने मताचे वय २१ वरून १८ वर आणले, तेव्हा ते तरुणांवरील विश्वासाने आणले. संसदेत तो विश्वास दाखविणारे बहुतेक सभासद स्वतः तरुण राहिलेले नव्हते. आता तर सतरा वर्षे पुरी झाली की अर्ज आगाऊ देता येतो, आणि जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर ह्या चारही महिन्यांच्या पहिल्या तारखेस अठरा पुरी करणाऱ्यांस त्या त्या वेळी यादीत येता येते. इंग्लंडमध्ये जे झाले त्याचा उपाय आजोबांचे नाव खोडण्यात नाही, आपले घालण्यात आहे. आमचे माजी विद्यार्थी दाखला नेण्यास शाळेत येतात तेव्हा आम्ही त्यांस सहज विचारतो, पाचांपैकी तिघे म्हणतात, “सर, राहून गेले.” ठरावाच्या बाजूने बोललेल्या तिन्ही वक्त्यांनी हे लक्षात ठेवावे, त्यांच्यापैकी एकास सतरा पुरी होण्यास आता वर्ष दीड वर्षच राहिले आहे.

वक्तृत्वमंडळाच्या चिटणिसांस आम्ही अशी सूचना दिली आहे की, पुढील वर्षी हाच विषय पुन्हा घ्यावा, व त्या शनिवारी विद्यार्थ्यांनी आपापल्या आजाआजींस सभेस आणावे. खुर्च्या पुढल्या रांगेत मांडाव्या. बोलण्याची इच्छा असेल त्यांस मालवणीत बोलू द्यावे, आणि शेवटी हात वर करण्याची वेळ येईल तेव्हा त्यांचेही हात मोजावेत. अध्यक्षपण त्या दिवशी दुसऱ्या कोणा शिक्षकाकडे असावे, कारण आम्हांस बोलावयाचे आहे.